गल्लीतला माणूस

“अहो काका, डफडं नाही ते! हात काढा, हात काढा.”

मॅडम हॉलच्या त्या टोकावरून बोलल्या. हसत हसत बोलल्या. चाळीसेक माणसं होती. सगळी हसली.

मी पण हसले.

हे आधीच सांगून टाकते. न्हाई तर सांगता सांगता माणूस स्वतःला वाचवायला लागतं. मी चांगले दात दाखवून हसले. आणि ज्यांना हात काढायला लावला, ते माझे मामा होते. माझ्या आईचे सख्खे भाऊ.

मामांनी गिटारीवरचा हात उचलला. हळूच. उचललेला हात कुठं ठेवावा ते त्यांना कळेना. आधी खिशाकडं नेला, मंग पाठीमागं नेला आणि तिथंच धरून ठेवला. त्यांच्या शेजारी दोन पोरं दुसऱ्या गिटारीच्या तारा ओढून राह्यली होती. एक बाई तिसरी गिटार गळ्यात घालून फोटो काढून घेत होती. त्यांना कुणी काही म्हणलं न्हाई.

आमचं गाव जाफराबाद तालुक्यातलं. बारावी झाल्यावर शिकायला मी जालन्यात मामांकडं आल्ते. मामा आरा मशीनवर कामाला. तीस वर्षं लाकूड चिरतात. खोली मशीनच्या मागच्याच गल्लीत. भुसा अंथरुणात, भुसा भाकरीत. मामांना लाकूड कानानं कळतं. ओंडका आला की मधल्या बोटाच्या पेरानं ठोकतात आणि कान लावतात. “हे आतून पोकळ हाय.” “हे अजून ओलं हाय, आठ दिवस राहू द्या.” मशीन सुरू करायच्या आधी मालकसुद्धा मामांच्या तोंडाकडं बघतो.

कॉलेजात एका पोरीनं टाकून दिलेली गिटार मी घरी आणल्ती. बाजूची फळी तडकलेली. मामांनी ती मांडीवर घेतली, चार दिवस नुसती ठोकून ठोकून बघितली. मंग शिसमची कागदासारखी पातळ पट्टी काढली, आतून सरसानं चिटकवली, वरून सुतळी आवळून ठेवली. सुतळी सोडल्यावर म्हणले, “वाजव आता.” त्याच गिटारीवर मी शिकले. मोबाइलवर बघून बघून, बोटं सोलवटून घेत. आणि त्याच गिटारीच्या जोरावर मला मॅडमच्या संगीत क्लासात नोकरी मिळाली.

क्लासात पोरं मला मिस म्हणायची. डॉक्टरांची पोरं, बिल्डरांची, बियाण्यांच्या व्यापाऱ्यांची. मॅडम माझ्याशी चांगल्या वागायच्या. “तू माझी मुलगीच आहेस गं,” म्हणायच्या. दिवाळीला साडी द्यायच्या. मी आडनाव लावत नव्हते. नुसतं पहिलं नाव. बोलताना ‘नाही’ म्हणायचे. ‘न्हाई’ घरी ठेवून जायचे. असं कर म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच केलं.

मॅडमनी तो कार्यक्रम ठेवला. पुण्याहून गिटार बनवणारा एक कारागीर येणार होता. चार गिटारी आणणार. आकार एकच, वरची फळी एकच, फक्त पाठ आणि बाजू वेगवेगळ्या लाकडाच्या. एकच सूर चारींवर वाजवून लाकडानं आवाज कसा बदलतो ते दाखवणार. एका हॉटेलचा वरचा हॉल. प्रवेश सर्वांना खुला, असं मॅडमनीच पत्रकावर छापल्तं.

मी घरी सहज बोलले. मामा भाकर मोडता मोडता थांबले.

“लाकडाचा कार्यक्रम? मंग मी येतो की!”

मी म्हणले, या. पण लगेच पुढं म्हणले, “मामा, तिथं जयभीम नका म्हणू. नमस्कार म्हणा.”

मामांनी माझ्याकडं बघितलं. मामीनं पण बघितलं.

“बरं,” मामा म्हणले.

त्या दिवशी त्यांनी साबणानं दोनदा हात धुतले. नखांत बसलेला भुशाचा लाल रंग तरी निघाला न्हाई. इस्त्रीचा पांढरा सदरा घातला. हॉलमध्ये आले, माझ्याकडं बघून दोन्ही हात जोडले आणि बराबर नमस्कार म्हणले. परक्या बाईला म्हणावं तसं. मी पण नमस्कार म्हणले.

कार्यक्रम सुरू व्हायला वेळ होता. मामा टेबलाजवळ गेले. शिसमच्या गिटारीवर वाकले, कान जवळ नेला आणि पाठीवर बोटाच्या पेरानं ठोकलं. दोनदा. हलकंच. आणि तिकडून मॅडमचा आवाज आला.

डफडं हा शब्द आमच्या घरात कुणी काढत न्हाई. माझा आज्या, म्हणजे मामांचा बाप, गावात डफडं वाजवायचा. लग्न असो का मयत. सांगावा आला की हातातली भाकर टाकून जायचं. वाजवून वाजवून बोटं फुटायची आणि जेवायला बसायचं उकिरड्याच्या कडंला, सगळ्यांची पंगत उठल्यावर. धम्म घेतला तेव्हा आज्यानं डफडं पूर्णेत सोडून दिलं. गावानं कामाला बोलवणं बंद केलं, गिरणीवाला पीठ दळून देईना. आज्या परत वाजवायला गेला न्हाई. मामा तेव्हा जन्मलेले पण नव्हते, पण ही गोष्ट त्यांनी मला इतक्या बार सांगितली की मला ती नदी दिसते.

हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी हसले.

मॅडम टेबलापर्यंत आल्या. मामांकडं न बघता मला विचारलं, “तुझ्या ओळखीचे आहेत का गं?”

मामा दोन हातांच्या अंतरावर उभे होते. मी म्हणले, “आमच्या गल्लीत राहतात.”

एवढंच. मामा म्हणायला कितीसा वेळ लागतो? दोन अक्षरं.

मला वाटलं, मामा आता बोलतील. मामा बोलले.

“हां मॅडम,” ते म्हणले. “गल्लीतलाच मी.”

माझं खोटं त्यांनी सांभाळून घेतलं. मंग मागं गेले आणि शेवटच्या रांगेत, कडंच्या खुर्चीवर बसले. निघून गेले असते तर मला बरं वाटलं असतं. पण ते लाकडासाठी आल्ते. लाकूड ऐकल्याशिवाय ते कसे जातील?

कार्यक्रम सुरू झाला. कारागीर तरुण होता, केस मागं बांधलेले, बोलायला साधा. त्यानं एक लहानशी धून चारी गिटारींवर वाजवली. आधी शिसम. आवाज खोल, खाली उतरणारा, तार सोडल्यावरसुद्धा बराच वेळ घुमणारा. मंग महोगनी. कोरडा, नेमका, मधल्या पट्टीतला. तिसरं मॅपल, लखलखीत, पण लगेच विझणारं. चौथी गिटार परदेशातल्या बेटावरच्या कोआ नावाच्या लाकडाची. त्यानं सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि परत वाजवून विचारलं, आता कुठलं सांगा. लोक चुकत होते, हसत होते. कुणी म्हणलं हे उबदार आहे, कुणी म्हणलं हे गोड आहे. शेवटी चौथ्या गिटारीवर मी पण वाजवायचं असं ठरलेलं. मी वाजवलं. काय वाजवलं ते आठवत न्हाई. सगळं ध्यान शेवटच्या रांगेत.

मंग एकानं विचारलं, “तुम्ही लाकूड निवडता कसं?”

कारागिरानं टेबलाखालून एक कोरी फळी काढली. दोन बोटांत वर धरली, कानाजवळ नेली आणि मधल्या बोटाच्या पेरानं ठोकली. दोनदा. हलकंच.

“असं,” तो म्हणाला. “ठोकून ऐकायचं. लाकूड स्वतःच सांगतं. जगातले सगळे कारागीर हेच करतात.”

मंग टाळ्या. सगळ्यात आधी मॅडमच्या. त्या शेजारच्या बाईला म्हणल्या, “बघा, केवढं शास्त्र असतं यात.”

मामांच्या बोटाखाली ते डफडं होतं. ह्याच्या बोटाखाली शास्त्र झालं.

मी मागं वळून बघितलं. वाटलं, मामा रागानं लाल झाले असतील. मामा खुश होते. मान हलवून राह्यले होते. आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट एवढा मोठा माणूस माईकवर सांगतो म्हणून खुश. मांडीवर बोट ठोकत होते. तेव्हा तरी मी उठायला पाहिजे होतं. माईक माझ्यापासून हातभर लांब होता. मी बसून राह्यले.

संध्याकाळी घरी आले तर मामा माझ्या आधी पोचलेले. मामीला सगळं सांगून राह्यले होते.

“अगं, चार लाकडं. एकच चीज वाजवली, पण चार माणसं बोलल्यासारखी. आपलं शिसम सगळ्यात भारी घुमतंय. अन् ते चौथं, बेटावरचं, ते बाभळीच्या जातीचं हाय म्हणे! मी इचारलं त्याला जाता जाता. बाभळीची गिटार! आपण चुलीत घालतो.”

“अन् पोरीनं वाजवलं का?” मामीनं विचारलं.

“वाजवलं ना. सगळ्यात पुढं बसल्ती. मोठाली माणसं होती तिथं.”

डफड्याचं त्यांनी सांगितलं न्हाई. गल्लीचं सांगितलं न्हाई. मामीनं ताट वाढलं. मी खाली बघून जेवले. मामांनी मला शिव्या दिल्या असत्या, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर मी त्यांच्या पायावर पडले असते. त्यांनी फक्त एकदा, मामी पाणी आणायला गेल्यावर, बारीक आवाजात विचारलं, “माझ्यामुळं तुला काही बोलले का मागून?”

मी मान हलवली. न्हाई म्हणून.

त्यानंतर सहा दिवस मी क्लासला गेले. रोज ठरवायचे, आज बोलू. रोज मॅडम हसून चहा पुढं करायच्या आणि मी प्यायचे. माझ्यात धाडस आलं म्हणून बोलले असं मी सांगणार न्हाई. ते तोंडावर येऊन आदळलं म्हणून बोलले.

सातव्या दिवशी शिकवताना एका मुलानं गिटार उताणी मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी बडवायला लागला. “मिस, डफडं! मिस, बघा, डफडं!” बाकीची पोरं खिदळली. दारात मॅडम उभ्या होत्या. त्या पण हसल्या.

“अगं, त्या दिवशीचे काका अजून लक्षात आहेत बघ यांच्या.”

मी माझी गिटार खाली ठेवली.

“मॅडम, ते माझे मामा आहेत.”

त्या मुलानं गिटार सरळ केली.

“माझ्या आईचा सख्खा भाऊ. मी त्यांच्याच घरी राहते. ही गिटार त्यांनी जोडलेली. त्या दिवशी मी खोटं बोलले.”

मॅडमचा चेहरा पडला. त्या आत आल्या. “अगं, मग सांगायचं नाही का आधी? मला माहीत असतं तर मी बोललेच नसते.”

“म्हणजे दुसऱ्या कुणाचे मामा असते तर चाललं असतं?”

“तसं नाही गं. गंमत होती ती.”

“त्या बाईनं गिटार गळ्यात घातल्ती. पोरं तारा ओढत होती. त्यांची गंमत न्हाई केली तुम्ही. मामांचा हात बघितला आणि तुमच्या तोंडात डफडंच आलं. तबला न्हाई आला, ढोलकी न्हाई आली. ते कुठून आलं, मॅडम?”

“तू उगाच जातीवर नेतेस.”

“मी न्हाई नेलं. मी तर लपवून ठेवल्तं. माझ्या आज्यानं डफडं वाजवलंय, लोकांच्या दारात, उपाशी. आम्ही ते सोडून दिलं. तुम्ही अजून सोडलं न्हाई.”

मी ‘न्हाई’ म्हणत होते ते मलाच नंतर कळलं.

मॅडमनी दार लोटून घेतलं. आवाज खाली आणून म्हणल्या, “त्यांना एकदा घेऊन ये घरी. चहा घेऊ. मी बोलेन त्यांच्याशी.”

“घरी न्हाई. चाळीस माणसांसमोर बोललात. त्या चाळीस माणसांसमोर बोला.”

मॅडम पोरांकडं वळल्या आणि म्हणल्या, “चला, वाजवा.” मी गिटार उचलली आणि निघाले. मला कुणी काढलं न्हाई. मीच परत गेले न्हाई.

तशीच आरा मशीनवर गेले. जेवणाची सुट्टी होती, मशीन बंद. मामा ओंडक्यावर बसून डबा खाऊन राह्यले होते. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. शब्दाला शब्द. मॅडम काय म्हणल्या, मी काय म्हणले. सांगताना मला आतून अभिमान वाटून राह्यला होता, हेही खरंच सांगते. मला वाटलं, आता मामा डोक्यावरून हात फिरवतील.

मामांनी घास संपवला. पाणी प्यायले.

“चांगलं केलं,” ते म्हणले.

मंग डब्याचं झाकण लावता लावता, माझ्याकडं न बघता म्हणले, “पण बाई, मी तिथं होतो तव्हा सांगायचं होतं.”

त्यात राग नव्हता. म्हणून त्याच्यावर माझ्याकडं काही इलाज पण न्हाई. बोलून उठले आणि मशीनकडं गेले.

त्यानंतर मामांनी हा विषय काढला न्हाई. मी माफी मागितली न्हाई. मागितली तर मामा लगेच देतील, आणि मी मोकळी होईन. मला मोकळं व्हायचं न्हाई. मी दोनदा खोटं बोलले, एकदा दात काढून आणि एकदा तोंडानं. ते माझ्या नावावर राहू दे.

आता मी स्वतःच्या नावानं शिकवते. पहिल्या दिवशी पालकांना पूर्ण नाव सांगते, गाव सांगते, मामा काय काम करतात ते सांगते. तिघांनी पोरं काढून नेली. नेऊ दे. पण एवढं सोपं आहे. ह्यात मला दुसऱ्या कुणासाठी उभं राहावं लागत न्हाई.

अवघड ते पुढं येणार आहे. परत एखाद्या हॉलमध्ये, लग्नात, ऑफिसात, कुणीतरी हसत हसत कुणाला तरी खाली बसवणार. आजूबाजूची माणसं हसणार. तेव्हा मी घरी जाऊन रडणार न्हाई, सहा दिवस चहा पिणार न्हाई. त्याच मिनिटाला उठणार. माणूस माझ्यासमोर उभा असताना बोलणार. तो निघून गेल्यावर न्हाई.