चौकटीच्या बुडाशी घातलेलं नाव

जुन्या चित्रांबद्दल लिहावं ते त्यात आयुष्य घालवलेल्यांनी. मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच, आणि सिंगापूरच्या वुडलँड्स भागातल्या आमच्या फ्लॅटच्या भिंतीवर कॅलेंडर सोडून चित्र नाही. तरी लिहितो आहे. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

कॉलेजातल्या आमच्या मॅडमनी मला एका चित्राची मालकी शोधायला दिली. ते रंगवल्यापासून आजवर कुणाकुणाच्या हातून गेलं, हे कागदोपत्री दाखवायचं होतं. दोनशे वर्षांपूर्वीचं अमेरिकन कुटुंब. काळ्या कोटातला बाप, पांढऱ्या टोपीतली आई, तीन मुलं. चित्रकाराने पाचही जणांना एकच नाक दिलेलं. हे चित्र होतं बुकित बातोकच्या एका म्हाताऱ्या चिनी आंटींच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या वर. त्यांचे वडील याच घराण्यातल्या, सिंगापूरमध्ये राहणाऱ्या एका अमेरिकन व्यापाऱ्याकडे स्वयंपाकी होते. दुसऱ्या महायुद्धाआधी व्यापाऱ्याचं कुटुंब मायदेशी गेलं आणि चित्र इथेच राहिलं. आता आंटींना ते त्या घराण्याच्या अमेरिकेतल्या मूळ गावच्या म्युझियमला द्यायचं होतं. म्युझियमचा एकच प्रश्न होता: स्वयंपाक्याकडे ते आलं कसं?

मृत्युपत्रं आणि घरसामानाच्या याद्या धुंडाळत मी व्यापाऱ्यापर्यंत पोचलो. पुढे कागदच नव्हता. म्हणून मसुद्यात लिहिलं, ‘यानंतर चित्र नोकराच्या ताब्यात आढळते.’ आंटींनी ते वाचायला मागितलं.

“आढळते? माझे वडील चोर नव्हते, लाह!” त्या आपल्या सिंगापुरी ढंगात म्हणाल्या.

“नाही आंटी, मला तसं...”

“तसंच लिहिलंयस. कॉलेजात हेच शिकवतात?” तरी निघताना त्यांनी माझ्या हातात दोन संत्री ठेवली. मला ती खाववेनात.

त्याच दिवशी चित्राचे फोटो काढताना चौकटीच्या खालच्या पट्टीवर, अगदी बुडाच्या बाजूने, कोरलेली तीन अक्षरं मला दिसली होती. व्यापाऱ्याच्या बायकोची आद्याक्षरं. पुढचा भाग जुन्या चिकटपट्टीखाली होता. म्हणजे चित्र तिचंच राहिलं होतं, असं मी धरून चाललो. घरी आल्यावर हे सांगितलं तेव्हा आई भांडी पुसत होती. तिने लग्नातलं पातेलं माझ्यापुढे धरलं.

“नाव वाच.”

“मामांचं आहे.”

“मग पातेलं मामांचं का?”

बाबा जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यातून नुकतेच आले होते. ते बूट काढत म्हणाले, “मागायला आले तर देऊ नकोस हां!”

“तुम्ही गप्प बसा,” आई म्हणाली. “अरे, देणारा आपलं नाव घालतो. कुणाला दिलं तेही घालतो. तू अर्धंच वाचलंयस.”

अमेरिकन बाई आपल्यासारखी भांड्यावर नावं थोडीच घालणार, असं वाटलं. तरी मॅडमना ते सांगितलं. त्या हसल्या नाहीत. जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या एका बाईंना त्यांनी आंटींकडे नेलं. त्या बाईंनी चिकटपट्टी हळूहळू ओली करून सोडवली. खाली सुरीच्या टोकाने कोरलेलं होतं: ‘आमच्या स्वयंपाक्यास, आभारपूर्वक.’ आणि पुढे आंटींच्या वडिलांचं नाव, दोनदा खोडून तिसऱ्यांदा नीट लिहिलेलं.

आंटींनी त्यावरून बोट फिरवलं आणि वडिलांचं नाव मोठ्याने म्हटलं. मग माझ्याकडे वळल्या. “आता लिही.”

मी लिहिलं. पण हे अक्षर व्यापाऱ्याच्या बायकोचंच कशावरून, असं म्युझियमने विचारलं. त्यांच्याकडे तिची जुनी पत्रं होती; ती तपासायला वेळ लागणार होता. दर रविवारी आंटींचा फोन यायचा, “उत्तर आलं का?”

गेल्या आठवड्यात आलं. बहिणीला लिहिलेल्या पत्रात त्या बाईने चित्र स्वयंपाक्याला दिल्याचं स्वतःच सांगितलं होतं. म्युझियम चित्र घेणार होतं, आणि भिंतीवर लावायच्या पाटीचा मजकूर त्यांनी सोबत पाठवला होता. फोनवर आंटींनी तो माझ्याकडून तीनदा वाचून घेतला: ‘व्यापाऱ्याच्या पत्नीकडून स्वयंपाक्यास भेट, त्यांच्याकडून वारशाने मुलीस, मुलीकडून या म्युझियमला भेट.’