कपडेपटवाल्या मावशींचा डाग

डाग पाहून मावशी प्रयोग कसा झाला ते सांगत. कॉलरवर घामाबरोबर रंगाचा तपकिरी पट्टा उतरलेला असेल तर नायक घाबरला होता. कोपराला वंगण असेल तर खलनायक पडद्याच्या दोऱ्यांना टेकून डुलकी काढत होता. अडतीस वर्षं नाटक कंपनीचा कपडेपट त्यांच्या ताब्यात होता आणि या अडतीस वर्षांत एकही डाग त्यांच्या हातून निसटला नव्हता. राजा मरो, भिकारी मरो, दुसऱ्या दिवशी दोघांचेही सदरे स्वच्छ! प्रेक्षकांनी टाळ्या दिल्या त्या पोशाखाच्या आतल्या माणसाला. मावशींनी त्याबद्दल कधी नाक मुरडलं नाही.

तर अशा मावशींना एका सकाळी मॅनेजरांनी बोलावून घेतलं.

"मावशी, पुढच्या हंगामापासून पोशाख बाहेरून येणार. धुऊन, इस्त्री करून. कपडेपट बंद करतोय."

"आणि मी?"

"तुम्ही आता आराम करा."

आराम! खुंटीला टांगलेल्या कोटासारखं लटकत राहायचं, हाच मावशींच्या लेखी आरामाचा अर्थ. त्या काही बोलणार इतक्यात शेजारच्या खुर्चीतून कपबशीचा किणकिणाट ऐकू आला. तिथे ध्वनीवाले मास्तर बसले होते. सत्तरी उलटलेली, कान तल्लख, पण हात वर्षभरापासून थरथरायला लागलेले. त्यांच्याही खोलीला कुलूप लागणार होतं. त्यांचा जुना व्हॉल्व्हचा अँप्लिफायर, म्हणजे आवाज मोठा करणारं यंत्र, उंदरांनी वायरी कुरतडल्यापासून मुका पडला होता आणि मॅनेजर तो भंगारात काढणार होते.

"ते यंत्र मी बोलतं केलं तर?" मावशींच्या तोंडून निघून गेलं.

मॅनेजर हसले. "मावशी, ते काय बटण तुटलंय म्हणून शिवायचंय?"

"तालमी सुरू व्हायला सहा आठवडे आहेत ना?"

"आहेत. सहाव्या आठवड्यातल्या शुक्रवारी पहिली तालीम. त्या दिवशी यंत्र बोललं, तर ध्वनीची खोली तुमची, मास्तर तुमचे सल्लागार. नाही बोललं तर दोन्ही खोल्यांच्या किल्ल्या टेबलावर."

बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले, "बाई, तुम्हाला व्हॉल्व्ह म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे का?"

"नाही."

"मग पैज कशाच्या जिवावर लावलीत?"

"तुमच्या!" मावशी म्हणाल्या आणि जिना चढायला लागल्या.

पहिला धडा हाताचा होता. "या पेटीत वीज दबा धरून बसते," मास्तरांनी बजावलं. "प्लग काढल्यावरसुद्धा. आधी तिला मी सांगतो तशी वाट करून द्यायची, मीटर लावून खात्री करायची, मगच आत बोट घालायचं. आणि यंत्र चालू असताना मोजमाप करायचं तर एकाच हाताने. डावा हात खिशात." मावशींच्या एप्रनला डावा खिसा नव्हता. दुसऱ्या दिवशी होता, आणि वर बटणसुद्धा. हात एकदा आत गेला की सहजासहजी बाहेर येऊ नये म्हणून.

मग आला नकाशा. यंत्राची सगळी जोडणी दाखवणारा एकच कागद, चार घड्या पडलेला, मळून काळाकुट्ट झालेला. मावशींनी तो टेबलावर पसरला आणि त्यांना कापडाच्या बेतणीची आठवण झाली. इथेही खुणांची भाषा होती. नागमोडी रेघ म्हणजे रेझिस्टर, विजेला दमवणारा. समोरासमोरच्या दोन आडव्या रेघा म्हणजे कंडेन्सर, वीज साठवून ठेवणारा. वर्तुळात तीन-चार खुणा म्हणजे व्हॉल्व्ह, बल्बसारखा काचेचा. तळाची लांबच लांब आडवी रेघ म्हणजे पेटीचा पत्रा, सगळ्यांचं परतायचं ठिकाण.

"व्हॉल्व्हमध्ये ही नळी तापते, हिला कॅथोड म्हणायचं," मास्तर सांगत होते. "तिच्यातून विजेचे कण सुटतात आणि बाहेरच्या पत्र्याकडे धावतात. मध्ये ही जाळी. मायक्रोफोनची कुजबुज जाळीवर आली की ती त्या गर्दीला कधी अडवते, कधी सोडते. कुजबुज एवढीशी, पण हलते अख्खी गर्दी."

"म्हणजे प्रॉम्प्टर!" मावशी टाळी वाजवून म्हणाल्या. "तो विंगेतून पुटपुटतो आणि नट रंगमंचावर गर्जतो."

मास्तरांनी चष्मा काढला. "चाळीस वर्षं ही पेटी चालवली, बाई. हे मला सुचलं नाही."

भांडण झालं ते फक्त एका शब्दावरून. दोन तारा शिसं-कथिल वितळवून सांधायच्या, त्याला मास्तर जुन्या भांडीवाल्यांसारखं 'डाग देणं' म्हणत.

"इथे एक डाग द्या."

"मास्तर, माझ्यासमोर हा शब्द काढू नका."

"अहो, मग म्हणू काय?"

"टाका म्हणा. मी टाका घालते."

"टाका तर टाका. पण तो चकचकीत हवा. असा दह्यासारखा फुटलेला चालणार नाही. काढा, पुन्हा घाला."

मावशींनी पुन्हा घातला. मग पुन्हा. बोटं भाजली, एप्रन जळलं, चिमट्याऐवजी एकदा चुकून टाके घालायची तापलेली कांडीच उलटी धरली. पण तिसऱ्या आठवड्यापासून मास्तर नुसते पाहत राहायला लागले. एकेक तार मापात कापलेली, रंगांची निवड विचार करून केलेली, वळणं अशी की पेटी उलटी करून आतली बाजूच लोकांना दाखवावी.

तालमीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी दुपारी खटका दाबला. व्हॉल्व्ह एकामागून एक तांबूस उजळले. मास्तर मायक्रोफोनवर खाकरले.

काही नाही. साधा गुणगुणाटही नाही.

संध्याकाळपर्यंत मास्तरांनी भिंग घेऊन नकाशा आणि जोडणी ताडून पाहिली. "रेघ न् रेघ जुळतेय," ते शेवटी म्हणाले. "बहुतेक स्पीकरचा ट्रान्सफॉर्मर जळलाय. तो आता मिळत नाही. बाई, तुमच्या हाताला नाव नाही ठेवता येणार." आणि त्यांनी टोपी उचलली. नेहमी घरी जाताना ते ती खुंटीवरून उचलत, तशी आज उचलली नव्हती, एवढं मावशींना दिसलं.

शुक्रवारी सकाळी दोन्ही किल्ल्या खिशात घालून मावशी लवकर आल्या. कपडेपट आवरायला म्हणून गेल्या, तर हाताशी पहिली लागली ती त्यांची वही. कोणतं पात्र कोणत्या विंगेतून आत येतं, कुठून बाहेर जातं, तेवढ्यात कोणता पोशाख बदलायचा, हे सगळं त्यात होतं. आत आलेल्या माणसाला बाहेर जावंच लागतं. नाहीतर पडदा पडताना तो मध्येच उभा सापडतो.

त्या उठल्या आणि नकाशाकडे गेल्या. मास्तरांनी रेघा जुळतात का ते पाहिलं होतं. मावशी प्रत्येक रेघेला विचारायला लागल्या, बाई, तू आलीस कुठून आणि जाणार कुठे? पहिला व्हॉल्व्ह, आला, गेला. दुसरा, आला, गेला. शेवटचा, सगळ्यात मोठा व्हॉल्व्ह. त्याच्या कॅथोडची रेघ रेझिस्टरमधून खाली आली, तळाच्या आडव्या रेघेला छेदून पलीकडे गेली आणि स्पीकरच्या सॉकेटपाशी थांबली. तिथून पुढे वाटच नाही.

मास्तर दारात आले तेव्हा मावशी म्हणाल्या, "हा परततच नाही. बिचारा मध्येच उभा आहे."

"असं कसं?" मास्तर वाकले. "तळाच्या रेघेला तो मिळतो की! दोन रेघा नुसत्या छेदल्या तर त्या एकमेकींना ओळखत नाहीत. पण जोड असेल तिथे काळा ठिपका असतो. इथे ठिपका हवा."

मावशींनी त्या छेदावर बोट ठेवलं.

"मास्तर, होता."

"काय होता?"

"डाग. पहिल्या दिवशी तुम्ही घरी गेल्यावर मी पावाच्या गाभ्याने कागद साफ केला. इतका मळका कागद कसा वापरायचा? बाकीचे ठिपके पक्के होते, ते राहिले. हा एकच फिकट, पसरलेला होता. मला वाटलं, माशीने घाण केलीय. मी खोडरबराने काढला." त्यांचा आवाज खाली आला. "छान निघाला होता."

मास्तरांनी कागद खिडकीशी धरला. उजेडात निबाचा इवलासा खड्डा दिसला. मग ते हसायला लागले ते खोकला येईपर्यंत हसले, आणि मावशी रागावू की रडू अशा उभ्या असताना म्हणाले, "अहो, चूक तुम्ही केलीत आणि शोधलीतही तुम्हीच. मी चाळीस वर्षांचा माणूस, कागदावर विश्वास ठेवून टोपी उचलून निघालो होतो. चला, कांडी तापवा. इथे एक टाका—"

"डाग," मावशी म्हणाल्या. "इथे डाग द्यायचाय."

दबलेली वीज मोकळी केली, मीटरने खात्री केली, आणि बोटभर तार कॅथोडच्या वाटेवरून पत्र्याला सांधली. डाग चकचकीत बसला. मॅनेजर जिना चढत होते तेव्हा खटका दाबला गेला होता. व्हॉल्व्ह तांबारले. आधी दूर कुठे मधमाशी असावी असा गुणगुणाट, आणि मग रिकाम्या नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत, भरदार, उबदार आवाजात, मास्तर म्हणाले, "मॅनेजरसाहेब, पायऱ्या जपून. तिसरी निखळलीय."

मॅनेजर चौथ्या पायरीवर थबकले. त्यांनी खाली पाहिलं. खरंच निखळली होती.

वर आल्यावर त्यांनी पेटीची आतली बाजू बराच वेळ न्याहाळली. "हे सगळं तुम्ही केलंत?"

मावशींनी खिशातून एकच किल्ली काढून टेबलावर ठेवली. कपडेपटाची. ती ठेवताना हात जरा रेंगाळला, पण ठेवली. दुसरी खिशातच राहिली, बटण लावून.

तालीम सुरू व्हायच्या आत त्यांनी पोशाखांवर खुणा करायची पक्की शाई आणली आणि रेघांच्या छेदावर ठिपका दिला, चांगला ज्वारीच्या दाण्याएवढा. मग एक कापडी पाकीट शिवून नकाशा त्यात ठेवला. पाकिटाला त्यांनी पट्टी लावली, आयुष्यभर शेकडो पोशाखांना लावली तशीच, बारीक टाक्यांनी. पट्टीवर दोन शब्द होते : धुवू नये.