सगळे ट्रॅक्टर एकाच खणात

मंडळी, काष्टीतल्या घरूनच आत्ता नोकरीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू दिला.

इंटरव्ह्यू घेणारे सर म्हणाले, "हॅशसेट स्वतः लिहा. तयार लायब्ररी चालणार नाही." म्हणजे एकच गोष्ट दोनदा न घेणारा आणि ती आहे का, ते झटक्यात सांगणारा साठा. मी उसाच्या ट्रॅक्टरचे नंबर घेतले. साठ्याचे खण पाडले आणि पहिल्या चार अक्षर-आकड्यांवरून प्रत्येक नंबरचा खण ठरवला. कोड चालला!

सरांनी ढीगभर नंबर टाकायला लावले. कोड रांगायला लागला.

"असं का होतंय?"

मी कोड परत वरपासून वाचायला लागले. तेवढ्यात दारातून पप्पा, "झालं का गं? टॅक्टर काढू का? लई आवाज हुईल म्हनून इचारतो."

मी हातानंच थांबवलं आणि खिडकीतून ट्रॅक्टरची पाटी दिसली. एमएच १६. अरे देवा, आपल्या जिल्ह्यात सगळ्यांचीच सुरुवात एमएच १६! सगळे नंबर एकाच खणात कोंबलेले, बाकीचे खण रिकामे, म्हणून दर वेळी अख्खा ढीग चाळावा लागत होता.

शेवटच्या आकड्यांवरून खण ठरवला, खणात पूर्ण नंबर ताडून पाहिला. कोड पळाला.

सर "ठीक आहे" म्हणाले आणि स्क्रीन बंद.

पप्पा अजून ट्रॅक्टर न काढता ओट्यावर बसलेत. त्यांना वाटतंय, इंटरव्ह्यू चालूच आहे. "ठीक आहे" म्हणजे नक्की काय हो? कुणीतरी सांगा, मग मी बाहेर जाते.