मुकुंदकाकांचं डोकं आणि मारुतीचा सायलेन्सर

मुकुंदराव भोईट्यांचे पूर्वज घोड्यावर बसून दख्खनेतून ग्वाल्हेरला आले, असं ते स्वतः सांगतात. पूर्वजांनी शिंदे की छावनीत मुक्काम ठोकला. मुकुंदराव तिथेच जन्मले, पाणीपुरवठ्याच्या दफ्तरात हेडक्लार्क होऊन रिटायर झाले आणि पांढऱ्या मारुतीत बसून दर्पण कॉलनीत राहायला आले. घराण्यात घोड्यानंतर थेट मारुती. मधल्या काळात सगळे पायी चालले असावेत.

मी त्यांचा वरच्या खोलीतला भाडेकरू, अभिराम. शिक्षण डबऱ्याच्या सरकारी शाळेत, नोकरी इथल्या एका गोदामात. मी त्यांना काका म्हणतो आणि त्यांच्या पत्नी सुधाताईंना काकू. काका मला एरवी 'अभिराम' म्हणतात. 'अभिरामराव' म्हणाले की समजायचं, काहीतरी जड उचलायचंय.

मारुती पंचवीस वर्षांची. काकांनी तिला आजवर दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. ब्रेक, क्लच, तेलपाणी, सगळं पोर्चमध्ये, लुंगी खोचून. कॉलनीतली दोन बाळं दवाखान्यात जन्म घ्यायला याच गाडीतून गेली. अर्ध्या रात्री कुणीही दार वाजवावं, काका स्वेटर चढवून चावी घेऊन हजर. काकू म्हणायच्या, "माझ्यासाठी भाजी आणायला यांना वेळ नसतो, पण दुसऱ्याच्या सुनेला कळा आल्या की हे बघ कसे पळतात."

तर या माणसाचं दिवाळीनंतर काहीतरी बिनसलं. गाडी चालवून आले की डोकं धरून बसायचे. चहा घेऊन झाल्यावर पुन्हा चहा मागायचे. एकदा महाराज बाड्याच्या चौकात बँकेचं काम आटोपून निघाले आणि घराचा रस्ताच आठवेना. चौकाभोवती तीन चकरा झाल्या. तिसऱ्या चकरेला ट्रॅफिकच्या हवालदाराने हात आडवा केला.

"बाबूजी, परिक्रमा कर रहे हो क्या?"

हा किस्सा काका सगळ्यांना हसत सांगायचे. फक्त सांगताना त्यांचा हात मिशीवर जायचा आणि तिथेच राहायचा. कारण घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यांचे थोरले भाऊ दिनकरराव शेवटी शेवटी आपल्याच घरात बसून "मला घरी सोडा" म्हणायचे. बायकोला "आपण कोण, बाईसाहेब?" असं अदबीने विचारायचे. त्यांना घास भरवायला काका रोज छावनीत जात. आता आपला नंबर लागला, हे काकांनी बोलून दाखवलं नाही, पण ठरवून टाकलं होतं.

डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी महिन्यांची नावं उलटी म्हणायला सांगितली. काका फाल्गुन, माघ, पौष करत न अडखळता चैत्रापर्यंत आले. डॉक्टर म्हणाले, "अंकल, मुझे तो सीधे भी नहीं आते." रक्त तपासलं, तेही ठीक. काकांचा विश्वास बसला नाही. "दवाखान्यात दिनकरदादासुद्धा हुशारच वाटायचा," एवढंच म्हणाले.

काकूंचं निदान वेगळं होतं. "मी शेजारी बसले की यांना काही होत नाही. एकटे गेले की चकरा मारतात. यांना चाळिशीपासून सांगते आहे, तुमची अक्कल माझ्याकडे ठेवायला दिलीय."

आणि हे खरं होतं. काकू बरोबर असल्या की डोकं दुखत नाही, रस्ता चुकत नाही, सगळं ठीक. काकूंना गाडी लागते. त्या जानेवारीतसुद्धा काच पूर्ण खाली करून, पदर तोंडाला लावून बसतात आणि शेजारी काका कानटोपी, वर मफलर, त्यावर काकूंची शाल अशा थाटात गाडी हाकतात. एकटे असले की मात्र चारही काचा बंद. कानाला वारा लागतो म्हणे. तलवारीला न भ्यालेलं घराणं, झुळकेला भितं.

हैदराबादहून मुलाचा, केदारचा, फोन आला, "बाबा, आता गाडी विका." काका लगेच हो म्हणाले. काकू स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाल्या, "भांडले असते तर बरं होतं रे. इतक्या लवकर हो म्हणाले, म्हणजे यांनी हार मानली."

मुरार भागातला युवराज नावाचा मुलगा गाडी चालवायला शिकत होता, त्याला जुनी गाडी हवी होती. तो रविवारी संध्याकाळी येणार असं ठरलं.

आणि शनिवारी काका बाड्यामागच्या गल्लीतून रिक्षात घालून नवा सायलेन्सर घेऊन आले. अख्खा. पुढचा पाइप, मधला डबा, मागचा डबा, वर रबरं आणि गॅस्केट.

"काका, विकायच्या गाडीला नवा सायलेन्सर?"

"मग? मुलगी सासरी पाठवताना फाटकं लुगडं नेसवून पाठवतोस का तू?"

"खोकत जाईल. तिकडचे करतील औषधपाणी."

"म्हणजे त्यांनी म्हणावं, भोईट्यांनी खोकणारी गळ्यात मारली? ना भई ना. उद्या सकाळी खाली ये, अभिरामराव."

गाडी खोकायची हे खरं. पाइप गेल्या उन्हाळ्यात मधेच सडला होता. तेव्हा काकांनी तुपाच्या डब्याचा पत्रा कापून त्यावर गुंडाळला, तारेने आवळला आणि तेव्हापासून सगळ्यांना सांगत फिरले की मेकॅनिकला चहाचे पैसेसुद्धा लागू दिले नाहीत.

रविवारी सकाळी धुकं होतं. पोर्चमध्ये जॅक लावून गाडी उचलली. जॅकवर भरवसा ठेवायचा नाही हा काकांचा नियम. दोन्ही बाजूंनी लाकडाचे जाड ठोकळे सरकवले, गाडीला खांद्याने दोन धक्के दिले, ती हलली नाही, मग सतरंजी अंथरून ते खाली शिरले. नटबोल्टना त्यांनी रात्रीच तेल पाजून ठेवलं होतं. तरी पुढचे दोन नट हटून बसले. खालून काकांचा आवाज यायचा, "निघ की गं, निघ. किती मान करून घेशील?" मी म्हटलं, "काका, काकूंशी बोलताय का?" खालून पाना पायावर बसला, नेमका माझ्याच.

शेवटी नट सुटले. आधी मागचा डबा आला, मग मधला आणि मग पुढचा पाइप तुपाच्या पत्र्यासकट बाहेर आला. पत्रा एका बाजूने उकलला होता, आत काजळीचा थर. त्यावर अजून 'शुद्ध' एवढं वाचता येत होतं.

"चौदाचा पाना दे रे," काका खालून म्हणाले. "ड्रायव्हरच्या सीटखाली पेटी आहे."

मी आत शिरलो. पेटी सीटखाली अडकली होती म्हणून खालची चटई ओढली. चटई निघाली आणि माझ्या पायाशी, गाडीच्या फरशीत, मला काकांची मिशी दिसली.

"काका!"

"काय?"

"तुम्ही दिसताय."

"दिसणारच. मेलो नाहीये अजून."

"पायाखालून दिसताय, काका. गाडीच्या पत्र्यातून."

मिशी हलली. तिच्या जागी एक डोळा आला. रुपयाएवढ्या गोल भोकातून आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

"ते होय," डोळा म्हणाला. "ते पाणी जायचं भोक आहे. दसऱ्याला गाडी आतून बादलीने धुतली ना, तेव्हा बूच काढलं होतं मी. पाणी निघून जायला."

"मग परत लावलं नाही?"

"पूजेची वेळ झाली होती. हार, लिंबू, नारळ... राहिलं असेल."

मी भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. चटईची खालची बाजू पाहिली, तीही काळी, भोकाच्या बरोबर वर. आणि त्या भोकाच्या बरोबर खाली, अगदी नेमकं, तुपाच्या पत्र्याची फाटकी बाजू असायची.

मागच्याच महिन्यात मी काकांबरोबर बाड्यावरून आलो होतो, काचा बंद, हीटर चालू. घरी येऊन डोकं दुखून आडवा झालो, तेव्हा गोदामाच्या मॅनेजरला शिव्या घातल्या होत्या.

"काका," मी म्हटलं, "तुमचं डोकं दसऱ्याच्या आधी दुखायचं?"

खाली पाना फरशीवर ठेवल्याचा आवाज आला.

"काकू बरोबर असल्या की काच उघडी असते. म्हणून तेव्हा काही होत नाही. एकटे असलात की तुम्ही सगळा धूर पीत बाड्यापर्यंत जाता, त्यानेच डोकं दुखतं आणि रस्ता आठवत नाही. माझंही दुखलं होतं डोकं. आणि माझं काही वय झालेलं नाही."

 भोकातून आता फक्त सतरंजी दिसत होती. मी बाहेर येऊन पाहिलं तर गाडीखालून काकांच्या चपला तेवढ्या बाहेर होत्या, अंगठे आकाशाकडे. तेवढ्यात काकू भांड्याचा साबण घेऊन आल्या. नवी रबरं चढवायला तो लागणार होता.

"काय झालं? आत अडकले का हे?"

मी सगळं सांगितलं. काकूंनी साबण माझ्या हातात दिला, पोर्चच्या पायरीवर बसल्या आणि चपलांकडे बघून म्हणाल्या, "अहो?"

"हं."

"म्हणजे तुमचं डोकं ठीक आहे?"

"असं दिसतंय."

"आणि माझ्यामुळे शहाणे नव्हता राहत. काचेमुळे."

"असंच दिसतंय."

"बाहेर या."

"येतो. डोळ्यात गंज गेलाय."

गंज बराच वेळ डोळ्यात होता. काकूंनी पदराने स्वतःचाही थोडा काढला. मग उठून आत गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या तळहातावर काळं रबरी बूच होतं, ओलं.

"हे का ते?"

"कुठे मिळालं?" मी विचारलं.

"दसऱ्याला पोर्च झाडताना. चांगलं रबर दिसलं, फेकायचं कशाला? सिंकला बरोबर बसतं. तेव्हापासून भांडी त्यातच विसळते आहे मी."

गाडीखालून आधी खोकल्यासारखा आणि मग हसण्यासारखा आवाज आला. काका बाहेर आले तेव्हा मिशी काळी झाली होती आणि दहा वर्षांनी तरुण दिसत होते. "बघ," ते मला म्हणाले, "ही माझी अक्कल सांभाळणार होती. सिंकमध्ये बुडवून ठेवली होती हिने."

"आणि पत्रा कुणी गुंडाळला होता?" काकू म्हणाल्या. "शुद्ध तुपाचा?"

काका पाना घेऊन पुन्हा खाली गेले.

त्यानंतरचं काम भराभर झालं. रबरांना साबण चोळला तशी ती सर्रकन चढली. गॅस्केट बसवलं, पाइप जोडला, बोल्ट आवळले. भोकात बूच ठोकलं. काकांनी गाडी सुरू केली आणि मागच्या नळीवर जाड फडकं क्षणभर धरून मला जोडांवर कान लावायला सांगितलं. कुठे फुसफुस नाही. एवढा गुळगुळीत आवाज की समोरच्या उषाताई गेटवर येऊन विचारू लागल्या, "मुकुंदराव, नवीन घेतली का?"

संध्याकाळी युवराज आला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, बसून सुरू केली आणि त्याचे डोळे चमकले. "अंकल, ये तो मक्खन है! मेरी तरफ से पक्का."

काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बेटा, बेचनी नहीं है."

"पर आपने तो बोला था..."

"तब मेरा दिमाग खराब था," काका म्हणाले. इतक्या आनंदाने हे वाक्य ग्वाल्हेरात कुणी उच्चारलं नसेल.

युवराजचं तोंड पडलं. काकूंनी त्याला बसवून चहा आणि चिवडा दिला, पण मुरारहून तो खास शेअर टेंपोत बसून आला होता. तेव्हा काका म्हणाले, "चल, छोड़ देता हूँ. बाड़ा होके चलेंगे."

मुरारला जायला बाड्याची वाट म्हणजे उलटीच. ते सगळ्यांना कळलं, पण कुणी काही बोललं नाही. काकू आपण होऊन पुढे बसल्या. मी आणि युवराज मागे.

"काचा बंद," काका म्हणाले.

"मला गाडी लागते हो."

"एवढ्यापुरतं, सुधा."

काकूंनी काच वर केली. काकांनी कानटोपी काढून डॅशबोर्डवर ठेवली. बाड्याला रविवारची गर्दी होती, गजरेवाले, चाटवाले, मधेच थांबलेल्या रिक्षा. काकांचे हात स्टिअरिंगवर घट्ट होते. चौकात शिरताना ते मोठ्याने बोलले, शाळेत धडा म्हणावा तसं, "डावीकडून, बँकेपाशी, मग सरळ." गाडी बँकेपाशी आली. वळली. सरळ गेली. पहिल्याच फेरीत.

"डोकं?" मी मागून विचारलं.

"थंड," काका म्हणाले. मग चौकाकडे मागे वळून पाहिलं. "अजून एक फेरी मारतो. हौसेची."

दुसऱ्या फेरीला तोच हवालदार उभा होता. काकांनी त्याला हात केला. त्याने ओळखलं नाही, सवयीने शिट्टी वाजवली.

"अहो," काकू तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "परीक्षा झाली असेल तर आता तरी काच खाली करू का? मला खरंच लागलीय."

काकांनी गाडी बाजूला घेतली, हात लांब करून काकूंच्या बाजूची काच स्वतः खाली केली आणि कानटोपी घालून मुरारच्या वाटेला लागले.