ब्रेंडाच्या हातचं गोड

ब्रेंडाबद्दल बरं तेवढंच लिहायचं, असं आज पूजा आटोपल्यावर देवासमोरच ठरवलं. माझ्या रोजच्या वहीत तिच्याविषयी बरं असं आजवर एक अक्षर नाही. पण जे घडलं ते घडलं तसंच लिहायला हवं, आणि तसं लिहायला गेलं की बरी बाजू तिचीच निघते, त्याला माझा इलाज नाही.

आमच्या गावात चर्चकडच्या वाडीत फ्रान्सिस्का राहायची, तिची ही धाकटी मुलगी. बाप बोटीवर. आमचे हे तेव्हा पोस्टमन. सगळा गाव त्यांना दाजी म्हणतो. बोटीवरून आलेली पत्रं हेच तिच्या घरी नेऊन द्यायचे, आणि नाताळात फ्रान्सिस्का आमच्याकडे दोदोलाची थाळी पाठवायची. तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि माडाचा काळा गूळ हात मोडेपर्यंत ढवळून केलेली ती तुकतुकीत वडी. चतुर्थीला आमच्याकडून मोदक जायचे. थाळी आणायची ब्रेंडा, आणि पायरीवरूनच ओरडायची, "दाजीऽ, तुमचो दोदोल!"

घरात आम्ही पाच माणसं. पण दोदोल दाजींचो!

नऊ वर्षांपूर्वी ह्यांना साखर निघाली. त्या दिवसापासून मी घरातून साखर, गूळ, काकवी सगळं बाहेर काढलं. ह्यांना नाही तर मलाही नको, म्हणून मीही गोड सोडलं. त्या नाताळात ब्रेंडा थाळी घेऊन आली, तेव्हा मी तिला दारातूनच सांगितलं, "आमच्याकडे आता गोड चलणा नाय."

"थोडोसो तरी, वयनी?"

"नाय म्हटलां मां!"

ती थाळी घेऊन परत गेली आणि पुन्हा कधी आली नाही; पुढे मायलेकी गावच सोडून गेल्या. ह्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. कारल्याचा रस दिला, प्याले. मेथीचे लाडू बिनगोडाचे केले, खाल्ले. देवळात बायका म्हणायच्या, "काशीबाई, तुमी आसास म्हणान दाजी असे खडखडीत!" मी मान खाली घालायची, पण ऐकून घ्यायची सगळं.

तर गेल्या महिन्यात आमची अनुजा पुण्याहून मुलीला घेऊन आली आणि आम्हा दोघांना दोन दिवसांसाठी कुडाळच्या बाजूला डोंगरात झालेल्या थीम पार्कला घेऊन गेली. राहायची खोली तिथेच. पाळणे, चाच्यांचं जहाज, भुताची गुहा आणि मधोमध सिमेंटचा समुद्र. भोंगा वाजला की लाटा येणार.

"दारातलो दर्या सोडून हयसर तिकीट काढून इलंव," हे म्हणाले. "आता लाट इली तर पावती मागूया."

जेवण झालं आणि खरी पंचाईत सुरू झाली. नातीला आइस्क्रीम हवं. ती घेते म्हटल्यावर हेही गोडाच्या काउंटरांपुढून हळूहळू चालायला लागले, देवळातल्या मूर्ती पाहाव्यात तसे. अनुजाला राहवेना. ती एकेकाला विचारत सुटली, "डायबेटिसवाल्यांना चालेल असं काही आहे का?"

पहिला म्हणाला, "आहे ना, काकू. शुगर फ्री कुल्फी. साखरेचा कणसुद्धा नाही."

"मग गोड कशानं लागते?" मी विचारलं.

"मध घालतो."

दुसऱ्याकडे साखर नव्हती, गूळ होता. सेंद्रिय. तिसऱ्याकडे खजुराची बर्फी. खजूर म्हणे देवाचं फळ, त्याचं काय होतंय. मी पिशवीतून पेरू काढला आणि कापून ह्यांच्या हातात ठेवला. मनातून मी खूशच होते, खोटं कशाला लिहू? एवढ्या मोठ्या पार्कात ह्यांना चालेल अशी एकच वस्तू होती, आणि ती माझ्या पिशवीत होती.

तेवढ्यात अगदी कडेच्या काउंटरवरून आवाज आला, "दाजीऽ!"

आखूड केस, निळा एप्रन. वय चाळिशीला आलेलं, पण हसणं तेच, पायरीवरचं.

"वळाखलास काय?"

"फ्रान्सिस्काचां चेडू मां तू?" ह्यांच्या हातातला पेरू तसाच राहिला. "आवस कशी आसा?"

"आवस गेली, दाजी. तीन वर्सां झाली."

तिच्या मागे काळ्या पाटीवर खडूनं लिहिलं होतं, 'साखरवाल्यांनी खुशाल खावे.' ते वाचून माझ्या कपाळाला आठी पडली. खुशाल म्हणे! आणि ती ह्यांना सांगत राहिली, मी समोर नसल्यासारखी. आईचे आधी डोळे गेले, मग डावा पाय काढावा लागला. एका नाताळात आई म्हणाली, बाय, बोटभर दोदोल दी.

"मी दिलंय नाय, दाजी. तेच्या आदल्याच दिवशी साखर चारशाक गेल्ली. ती भिंतीकडे तोंड करून झोपली. मगे मी वही घातलंय. आज आवशीक ह्यां दिलां, दोन तासांनी बोट टोचलां, साखर इतकी. ह्यां नको, तां करून बघ. सतरा परकार केले. सतरावो जमलो. एक म्हयनो रोज खाल्ल्यान. मगे गेली."

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं ते निराळंच. ही पण वही लिहिते? नऊ वर्षं ह्यांचे आकडे मी वहीत लिहितेय, पण त्या आकड्यांपुढे काही गोड करून बघावं असं मला एकदाही सुचलं नव्हतं, आणि हिला सतरा वेळा सुचलं.

तिनं फ्रिजमधून छोटी वाटी काढली. पांढरंशुभ्र, थरथरणारं. मी विचारलं, "ह्यात काय काय आसा?"

"शहाळ्याची कोवळी मलय, नारळाचो रस, चायनाग्रास, वेलची, चिमटीभर मीठ. दुसरां काय नाय, वयनी. गोड लागता तां शहाळ्याचां."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. अनुजा म्हणाली, "आई, एक वाटीच आहे. दोन तासांनी तपासू ना आपण."

ह्यांनी पहिला चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. मिटले ते बराच वेळ उघडलेच नाहीत. चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या हातचं काही खाऊन ह्यांनी असे डोळे मिटलेले मला आठवत नाहीत. चमचा चाटला. वाटी बोटानं पुसली. पेरू पिशवीत परत आला.

दोन तासांनी खोलीवर मशीन काढलं. अनुजा नातीला घेऊन लाटांत गेली होती. ह्यांचं बोट टोचलं, रक्ताचा थेंब पट्टीला लावला, आणि आकडा यायला पाच सेकंद लागतात तेवढ्यात माझ्या मनात गाऱ्हाणं सुरू झालं. आमच्याकडे काहीही मागायचं तर देवाला गाऱ्हाणं घालतात. एकानं मागायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची. मी पुटपुटले, "बा देवा रामेश्वरा, आज तुझ्याकडे पदर पसरतंय..." पुढचं ओठांत होतं. आकडा वाढूंदे. तिची पाटी खोटी ठरूंदे.

ह्यांना वाटलं, मी त्यांच्या प्रकृतीसाठीच मागतेय. त्यांनी टोचलेलं बोट तसंच धरून हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

अंगावर काटा आला. नवऱ्याची साखर वाढावी म्हणून बायकोनं गाऱ्हाणं घालावं आणि नवऱ्यानंच साथ द्यावी! देवानं निदान त्या दिवशी तरी माझं ऐकलं नाही. आकडा आला एकशे अडतीस. जेवण आणि वाटी दोन्ही पोटात असून एकशे अडतीस. आमचे डॉक्टर एकशे ऐंशीच्या आत असलं की शाबासकी देतात.

ह्यांचा चष्मा टेबलावर होता. ह्यांनी विचारलं, "किती गो?"

"दोनशे चाळीस," मी म्हटलं.

"असां? मगे नको तां," म्हणाले आणि कुशीवर वळले. वाद घातला असता, मशीन बघू दे म्हणाले असते, तर मला सोपं गेलं असतं. नऊ वर्षं ते असेच ऐकत आलेत. संध्याकाळी वही उघडली, तारीख घातली, 'साखर' लिहिलं आणि पुढे हात चालेना. देवाच्या नावानं सुरू केलेली वही. खोटा आकडा लिहवेना, खरा लिहायचं धाडस होईना.

दुसऱ्या दिवशी जेवल्यावर हे मुद्दाम लांबून जायला लागले. पण ब्रेंडाच्या नजरेतून सुटतील तर शपथ!

"दाजीऽ, वाटी काढून ठेवलंय!"

"नको गो बाय. काल दोनशे चाळीस झाली."

तिच्या हातातला चमचा खाली आला. तोंड एकदम पांढरं पडलं. "वाटीन? एका वाटीन?" तिच्यापुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं, त्यांच्यासाठी भरलेली वाटी तिनं मागे घेतली. "माफ करा हां, आज नाय देणंय." वळली, आणि पाटीवरची अक्षरं तळहातानं पुसायला लागली. 'खुशाल' पुसलं गेलं. 'साखरवाल्यांनी' अर्धं राहिलं.

"चुकलां माझां, दाजी," ती म्हणाली. "एका आवशीच्या रक्तावर मी सगळ्यांची साखर सांगूक बसलंय. कोणाचां कायतरी झालां असतां म्हणजे?"

हेच मला हवं होतं, नाही का? तिची पाटी माझ्या डोळ्यांदेखत पुसली जात होती. पण अर्धं राहिलेलं अक्षर ती पुन्हा पुन्हा घासत होती, आणि मला ते बघवेना.

मग तिला काय वाटलं कोण जाणे. हात एप्रनला पुसून म्हणाली, "वयनी, मशीन आसा? जरा बघूया?"

मी पिशवीतून मशीन काढून दिलं. मला वाटलं, पुन्हा बोट टोचेल. तिनं कडेचं बटण दाबलं. त्या मशीनमध्ये जुने आकडे राहतात हे मला नऊ वर्षांत ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक होतं. आईचं मशीन तिनंच सांभाळलेलं. काचेवर कालची तारीख आली आणि खाली एकशे अडतीस.

ब्रेंडानं आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मी रामेश्वराचं नाव घेतलं. तिनं मशीन बंद करून माझ्या हातात दिलं आणि ह्यांना म्हणाली, "दाजी, काल बोट टोचूच्या आदी हात धुतल्यात? बोटाक गोड लागलेलां आसलां तर आकडो वाढता. तसांच कायतरी झालां असतलां. वयनींची चूक नाय."

म्हणजे मला सांभाळून घेतलं तिनं. माझ्याच नवऱ्यापुढे. दोदोल तिचा, वही तिची, सतरावा प्रकार तिचा, आणि आता मोठं मनही तिचंच! तेवढं मात्र मला सोसलं नाही.

"हात धुतलले," मी म्हटलं. "आकडो एकशे अडतीस होतो. मी खोटां सांगलंय."

अनुजा म्हणाली, "आई!" म्हातारं जोडपं कान टवकारून उभं.

ह्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "कित्याक?" मग एकदम आवाज चढला, "नऊ वर्सां तू सांगलंस तां गिळलंय. माका गोड लागलेलां तुका बघवणा नाय काय गो?"

"तुमका हिच्या हातचां गोड लागता, तां बघवणा नाय!"

बोलून गेले. सगळ्यांदेखत. ह्यांचं तोंड असं झालं की रागवावं की हसावं त्यांना कळेना. शेवटी म्हणाले, "साठी उलाटली गो तुझी! पोस्टातसून निवृत्त झालेल्या माणसापायी कसली जळतंस?" आणि ब्रेंडाकडे वळून, "दी गो बाय एक वाटी. आणि ती पाटी लिव पयली."

त्यांनी ती वाटी माझ्याकडे पाठ करून उभ्या उभ्या खाल्ली. ब्रेंडानं जोडप्याला त्यांची वाटी दिली, खडू घेतला आणि पुसलेलं पुन्हा लिहिलं. पण ह्या खेपेला 'खुशाल' लिहिलं नाही. 'एकच वाटी' असं लिहिलं. ते मला पटलं, हेही इथे लिहून ठेवते.

अनुजा नातीचे कपडे बदलायला गेली, हे सिमेंटच्या समुद्राकडे निघाले. मी काउंटरपाशी उरले. माफी मागायला हवी होती. जीभ वळली ती भलतीकडेच.

"शहाळां कितपत कोवळां लागता?"

ती एक शब्दही न लपवता सांगत गेली. मलई बोटानं सुटेल इतकीच पातळ हवी. नारळाचा पहिला रस घ्यायचा, दुसरा नाही. चायनाग्रास आधी पाण्यात पूर्ण विरघळायला हवं, नाहीतर तोंडात दोरे येतात. मीठ शेवटी. मी वही न काढता सगळं डोक्यात भरून घेत होते, आणि डोक्यात एकच होतं: आपल्या परसातले माड हिच्या शहाळेवाल्यापेक्षा सरस आहेत, हिच्याहून चांगलं करून दाखवीन.

ब्रेंडानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ते तिचं पायरीवरचं हसणं हसली.

"वयनी, तुमचां माझ्यापरास बरांच होतलां."

एवढं बोलून तिनं तेही माझ्या हातातून काढून घेतलं.