जिनाच्या शेडमधलं आर्ट सर्कल

आमच्या आर्ट सर्कलमधली दोन माणसं एखाद्या लग्नात शेजारीशेजारी जेवायला बसली, की भात वाढेपर्यंत एक किस्सा होतो आणि मठ्ठा येईपर्यंत चार! गंमत अशी, की एकच प्रसंग प्रत्येकजण वेगळा सांगतो. कारण तो घडत होता तेव्हा नक्की काय चाललंय हे आमच्यापैकी एकालाही कळत नव्हतं. इतकी वर्षं झाली, अजून आम्ही एकमेकांना विचारतोच आहोत.

एकाहत्तर-बाहत्तरचा काळ. नगरमध्ये कापसातली सरकी काढणाऱ्या एका बंद पडलेल्या जिनाची पत्र्याची शेड आम्हाला मिळाली होती. तिथं रविवारी संध्याकाळी कधी परदेशी चित्रपट, कधी गाणं. अध्यक्ष बाळासाहेब, त्यांचं कापडाचं दुकान होतं. प्रोजेक्टर चालवायचे सॅम्युअल मास्तर, हे शाळेत संगीत शिकवायचे. सतरंज्या, चहा आणि सगळ्यांना रागावणं हे कुंदाताईंचं खातं. आणि मी शैला, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. उरलेली सगळी कामं माझी!

* * *

शेडवर बाळासाहेबांनी मोठा बोर्ड लावला. 'आर्ट सर्कल'. पेंटरनं अक्षरं ऐसपैस काढली आणि शेवटच्या 'ल'ला जागाच उरली नाही. तो कोपऱ्यात असा काही घुसवला, की लांबून 'स'च वाटायचा.

पहिल्याच रविवारी कर्जतकडचे एक शेतकरी बायको-पोरांसकट दारात हजर.

"सर्कस हितंच हाय न्हवं?"

मी समजावून सांगायला लागले, पण पोरांचे चेहरे बघून कुंदाताईच म्हणाल्या, "या, बसा. एवढ्या लांबून आलात."

त्या दिवशीचा चित्रपट भलताच संथ होता. एक माणूस खुर्चीवर बसतो, उठतो, पुन्हा बसतो. आमचे सभासद हनुवटीला हात लावून, डोळे बारीक करून, एकदाही न हलता बघत होते. ते कुटुंबही शेवटपर्यंत बसलं. जाताना मी घाबरत विचारलं, "कसं वाटलं?"

"वाघ न्हाई दिसला," शेतकरी सभासदांकडं एकवार बघून म्हणाले, "पन मान्सं लई इचित्र हुती!"

* * *

एकदा पुण्याहून युरोपातला एक चित्रपट मिळाला. पडद्यावर खाली इंग्रजी अक्षरं येतील, असं सांगितलं होतं. सकाळी मास्तरांनी लावून पाहिला, तर अक्षरं नाहीतच!

मास्तरांच्या ओळखीचे एक गोरे फादर राहात्याकडच्या खेड्यात बरीच वर्षं होते. त्यांना निरोप धाडला. ते एस.टी.नं आले. आम्ही त्यांना पडद्याशेजारी खुर्ची दिली, हातात माईक दिला. फादरांचं मराठी अस्सल, पण शिकलेलं सगळं खेड्यात. पडद्यावर राजवाडा, झुंबरं, हातात पंखा घेतलेली सरदारीण, आणि फादर सांगतायत:

"ती म्हंती, मला न्हाई जायाचं. तो म्हंतो, बघ बया, लई पस्तावशील."

मग दोघांनी एकमेकांना मिठी मारली. फादर खोकले. "हितं काई बोलनं न्हाई."

लोक इतके रंगले, की शेवटी बऱ्याच जणांच्या डोळ्यांत पाणी. बाळासाहेबांनी उभं राहून मूळ हंगेरियनमधून थेट मराठी अनुवाद केल्याबद्दल फादरांचे आभार मानले.

"हंगेरियन?" फादर दचकले. "मला जर्मन येतं. म्हनलं, बोली निराळी असंल, म्हनून समजंना! पन त्ये भांडत हुते, मंग त्यांचं जमलं, येवढं तर दिसतच हुतं की."

बाळासाहेब मटकन खाली बसले. कुंदाताईंचा जीव मात्र दुसरीकडंच अडकला होता. "फादर, शेवटी ती पलंगावर पडली, ती मेली का झोपली?"

"तुमाला काय वाटतं?"

"झोपली असावी."

"मंग झोपली!" फादर म्हणाले.

* * *

दुष्काळाच्या त्या दिवसांत वीज कधी जाईल याचा भरवसा नव्हता. एका चित्रपटात दोन भावांचं घरावरून भांडण अगदी टोकाला आलं, आणि गेली वीज!

लोक चुळबुळ करायला लागले. बाळासाहेब कंदील घेऊन पुढं आले. "बसा, बसा. शेवट मी सांगतो!" मी मास्तरांकडं बघितलं. चित्रपट आदल्या संध्याकाळी आला होता आणि बाळासाहेबांनी त्याच्या रिळांचा डबासुद्धा पाहिला नव्हता. पण रोज दुकानात बसून गिऱ्हाइकाशी बोलायची सवय. त्यांनी थोरल्याकडून धाकट्याला घर देववलं, धाकट्याला थोरल्याच्या पाया पाडलं, मधेच एक आईसुद्धा आणली! बायका पदरानं डोळे पुसत घरी गेल्या.

तेवढ्यात वीज आली. जे मागं राहिले होते त्यांच्यासाठी मास्तरांनी उरलेलं रीळ लावलं. थोरला घर पेटवून देतो आणि एकटाच निघून जातो. आई कुठंच नाही!

पुढच्या रविवारी चहाच्या वेळी लवकर गेलेले आणि मागं राहिलेले यांच्यात जुंपली. "अहो, काय माया होती दोघांत!" "माया? घर जाळलं त्यानं!" मामला हातघाईवर आला, तेव्हा मला सगळं उलगडून सांगावं लागलं.

एक पेन्शनर सभासद शांतपणे म्हणाले, "पुन्हा लावा तो. पण वीज घालवून!"

* * *

पुण्याचे एक प्राध्यापक आमच्याकडं व्याख्यान द्यायला येणार होते. विषय, 'आजच्या चित्रपटातील स्त्री'. त्यांना आम्ही कुणी पाहिलेलं नव्हतं. चष्मा आहे, हातात बॅग असेल, एवढंच ठाऊक. मी आणि मास्तर हार घेऊन स्टेशनवर गेलो. चष्मा आणि बॅग असलेला एक तरुण उतरला. मी पुढं झाले.

"पुण्याहून आलात ना? कार्यक्रमासाठी?"

तो लाजला. "हो."

एवढा विद्वान माणूस आणि किती साधा, असं मला वाटलं. आम्ही त्याला टांग्यात घालून शेडवर आणलं. समोर शंभरेक माणसं बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं माझ्या कानाशी येऊन विचारलं, "एवढे सगळे... घरचेच?"

"घरच्यासारखेच!" मी म्हटलं.

बाळासाहेबांनी हार घातला आणि आधुनिक चित्रपटाबद्दल दोन शब्द बोलायची विनंती केली. तो उभा राहिला. घाम पुसला.

"मला सिनेमाचा अजिबात नाद नाही," त्यानं सुरुवात केली. "विडी-सिगारेट नाही. कारखान्यात इंजिनिअर आहे, नोकरी कायम. आई मात्र आमच्याजवळच राहील."

टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे कुणालाच कळेना. एक वकील हळूच म्हणाले, "फार वेगळी मांडणी आहे!"

मग तो खाली वाकून मला म्हणाला, "मुलगी कधी येणार?"

तिकडं खऱ्या प्राध्यापकांची तऱ्हा याहून न्यारी. मुलीच्या काकांनी त्यांना स्टेशनवर माझाच प्रश्न विचारून घरी नेलं होतं. पोहे झाले. मुलीच्या वडलांनी विचारलं, "पत्रिका आणलीय का?" प्राध्यापक म्हणाले, "आणलीय ना!" आणि त्यांनी आमची छापील कार्यक्रमपत्रिका काढून दिली. वडील चष्मा लावून ती वाचत बसले. तेवढ्यात मुलगी चहा घेऊन आली. प्राध्यापकांनी आपुलकीनं विचारलं, "चित्रपट बघता का?" ती म्हणाली, "लागेल तो बघते!" वडलांनी पत्रिका मिटली.

शेवटी काकाच प्राध्यापकांना घेऊन शेडवर आले आणि आमच्या पाहुण्याला घेऊन गेले. व्याख्यान झालं, आणि पुढं लग्नही झालं! ते जोडपं आमचं कायमचं सभासद झालं. दर रविवारी नवरा पहिल्या रांगेत, पापणी न लववता. बायको एकदा मला वैतागून म्हणाली, "शैलाताई, तुम्हीच यांना पहिल्यांदा इथं आणलंत हो. आता घरी न्यायचं कसं?"

* * *

हा किस्सा डब्यांचा. चित्रपटाची रिळं पत्र्याच्या डब्यांतून रेल्वेनं यायची. एकदा बाळासाहेब घाईत गेले आणि शेजारी ठेवलेले दुसरेच डबे उचलून आणले. ते होते कुटुंब नियोजनाच्या प्रचारगाडीचे!

चित्रपट सुरू झाला. एक जोडपं, खूप मुलं, एक डॉक्टरीणबाई. सुरुवात संथ असते, याची आम्हाला सवय होती. मग पडद्यावर शरीराच्या आकृत्या यायला लागल्या. त्यावर बाण. कुंदाताईंनी पदर डोळ्यांवर ओढला. मास्तर प्रोजेक्टरपाशी पुतळ्यासारखे उभे. बंद करावा तर न कळल्यासारखं दिसेल, म्हणून कुणीच काही बोलेना. नंतर चर्चाही झाली! तेच वकील म्हणाले, "दिग्दर्शकानं संसाराचा नकाशाच काढलाय!"

आमचा चित्रपट तिकडं जामखेडच्या बाजूला, दुष्काळी कामाच्या ठिकाणी पोचला. खडी फोडून दमलेली माणसं मोकळ्या रानात बसली होती. आठवड्यानं प्रचारगाडीचे साहेब डबे बदलून न्यायला आले ते फणफणतच.

"अहो, कसला पिक्चर हा! एक बाई खिडकीत बसून पाळण्याकडं बघत रडतेय. शेवटपर्यंत! आणि पाळणा रिकामाच!"

"लोक उठून गेले?" बाळासाहेबांनी ओशाळून विचारलं.

"गेले असते तर बरं झालं असतं. सगळ्या बाया तिच्याबरोबर रडल्या. पिक्चर संपल्यावर मी भाषणाला उभा राहिलो, तर एक म्हातारी म्हणाली, 'बसा सायेब. समजलं आमाला. घरात पोरं पायजेतच!'"

* * *

लढाई सुरू होती तेव्हाची गोष्ट. लष्कराचं गाव, त्यामुळे अंधार झाला की पुन्हा भोंगा होईपर्यंत बत्तीबंद. शेडच्या पत्र्याला फटी, म्हणून आत कंदीलसुद्धा लावायला मनाई. त्यात आमचा व्हायोलिनचा कार्यक्रम आधीच ठरलेला. पाहुणे पुण्याहून यायचे होते.

कार्यक्रम रद्द करू, असं बाळासाहेबांचं मत. कुंदाताई ऐकेनात. त्यांचा मुलगा सुरेश सीमेवर होता आणि बरेच दिवस त्याची काही खबर नव्हती. "घरी बसून मी काय करू?" त्या म्हणाल्या. "अंधारात ऐकू येत नाही का?"

दिवस मावळतीला माणसं आली. छावणीतल्या बायकाही आल्या. शेडमध्ये शेजारचा माणूस दिसत नव्हता. मास्तर पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेले होते. दौंडकडून गाडीचं काही कळलं नव्हतं, कारण फोनच्या सगळ्या लाइनी लष्कराला दिलेल्या.

आम्ही वाट बघत बसलो. आणि स्टेजवरून व्हायोलिनचा सूर आला.

मला हायसं वाटलं. आले म्हणायचे! साथीचे तबलेवाले गावातलेच, ते खाली माझ्या शेजारीच बसले होते. ते कुजबुजले, "मला इशारा नाही आला." म्हणून ते चढले नाहीत. नुसतं व्हायोलिन वाजत राहिलं. मला गाण्यातलं फार कळत नाही, पण त्या अंधारात कुणी खोकलंसुद्धा नाही. माझ्या दुसऱ्या बाजूला कुंदाताई होत्या. इतक्या दिवसांत त्या एकदाही रडल्या नव्हत्या. त्या दिवशी पहिल्यांदा रडल्या. माझा हात घट्ट धरून, आवाज न करता.

वाजवणं संपलं. बाळासाहेबांनी अंधारातच पाहुण्यांचं नाव घेऊन आभार मानले. मी चाचपडत स्टेजवर गेले आणि शाल-नारळ पुढं केला. कुणीतरी तो घेतला. "असू द्या, असू द्या," एवढंच म्हणालं. मी खाली उतरले, आणि थोड्या वेळानं भोंगा झाला, दिवे लागले.

स्टेजवर कुणी नव्हतं. मागचं दार उघडं होतं.

मास्तर दाराशी उभे होते. म्हणाले, "गाडी आलीच नाही. मी परत आलो, तर व्हायोलिन चालू! म्हटलं, आले वाटतं एस.टी.नं."

आम्ही जिनाच्या आवारात शोधलं, रस्त्यावर बघितलं. छावणीच्या बँडमधला कुणी असेल, असं बाळासाहेब म्हणाले. त्यांनी तिथं जाऊन विचारलं, तर बँडमध्ये व्हायोलिन वाजवणारं कुणी नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे पोचले. बिचारे रात्रभर दौंडला अडकून पडले होते. आम्ही त्यांना कुंदाताईंच्या घरी नेलं आणि चहा घेता घेता सगळी हकीकत सांगितली. ते हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "काय वाजवलं मी काल?"

"मारवा," मास्तर म्हणाले.

पाहुण्यांनी शेजारी ठेवलेल्या व्हायोलिनच्या पेटीवर हात ठेवला. मग म्हणाले, "मी मारवा वाजवत नाही हो. आयुष्यभर प्रयत्न केला. मला जमलाच नाही कधी."

कुंदाताईंनी त्यांच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.

"काल जमला होता," त्या म्हणाल्या.