दोरीला झोळ ठेवावा

अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकणार. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा सांभाळून घ्यावं. असं लिहिते खरी, पण दाखवायचं कुणालाच नाही. लेकीच्या वहीची मागची पानं कोरी होती, म्हणून बसले.

लेक बी.एड. झाली. त्यासाठी माझ्या थोरल्या बहिणीने, म्हसवडच्या आक्काने, वीस हजार दिले होते. नोकरी लागली की परत करायचे. साताऱ्यात दोन शाळांनी तिच्याकडून पाठ घेतला आणि "मुलांना समजत नाही" म्हणून नाकारलं. तिसरं बोलावणं आष्ट्याहून आलं. नववीला बल शिकवायचं होतं.

आदल्या रविवारी तिने मलाच विद्यार्थी केलं.

"आई, नुसतं किती ते सांगितलं की भागतं, ती अदिश राशी. किती आणि कुठल्या दिशेला, दोन्ही लागतं ती सदिश. बल सदिश. पैसे अदिश. मावशीच्या वीस हजारांना दिशा नसते."

"न्हाई कशी? म्हसवडाकडं हाय की."

ती हसली. मग दोन बलांचं मिळून परिणामी बल कसं होतं, ते बाण काढून सांगू लागली. मी "कळलं, कळलं" म्हणत राहिले. कळलं काहीच नव्हतं. तसं सांगायची मला शाळेतही लाज वाटायची.

"मग सांग बघू."

मी उठून गोधडी धुवायला गेले.

वाळत घालायला तिने दोरी बांधली, अगदी ताठ. मला दिसत होतं, पण शिकलेल्या लेकीला काय सांगायचं? ओली गोधडी मधोमध टाकली, तसा भिंतीतला खिळा उपटून आला आणि गोधडी चिखलात पडली.

"आवं मास्तरीणबाई, दोरीला झोळ ठेवायचा. ताठ बांधली की खिळा निघतोय."

"का गं?"

"मला काय ठावं? सासूबाईंनी सांगितलं व्हतं."

ती तिथेच उकिडवी बसली आणि काडीने चिखलात बाण काढू लागली. "गोधडी खाली ओढते. दोरीच्या दोन्ही बाजू मिळून तिला वर धरतात. झोळ असला की दोन्ही बाण वर झुकतात, थोड्या ओढीत भागतं. दोरी ताठ असली की दोघांचा जोर एकमेकांविरुद्ध जातो. वर धरायला उरतं थोडंच, म्हणून ओढ लय वाढते."

"दोन जावा भांडत कामाला लागल्यावानी," मी म्हणाले. "जोर लय, काम थोडं."

या वेळी मला खरंच कळलं होतं.

आष्ट्याला मी सोबत गेले. दोरी माझ्याच पिशवीत होती. वर्गाबाहेर खांबाआड उभी राहिले. तिने दोन दांडगी मुलं पुढे बोलावली, दोरीच्या मधोमध भरलेलं दप्तर अडकवलं आणि म्हणाली, "करा दोरी सरळ." दोघं ओढून ओढून लाल झाले, पण झोळ जाईना.

"भाकरी खाल्ली न्हाई व्हय रं?" मागून कुणी ओरडलं. वर्ग हसला.

तिने फळ्यावर बाण काढले. तेव्हा एक मुलगी उठली. "बाई, कितीबी ओढा, सरळ व्हायची न्हाई. दोन्ही बाण आडवे झाले, तर दप्तर वर कोण धरणार?"

मागे बसलेल्या मुख्याध्यापकांनी मान डोलावली. मी तिथेच फरशीवर बसले.

नोकरी लागली. दर महिन्याला थोडे थोडे देत आलो. गेल्या आठवड्यात शेवटचे दोन हजार घेऊन मी एसटीने म्हसवडला गेले.

"फिटलं बाई सगळं," आक्का म्हणाली आणि चहा टाकायला उठली.